मॅसॅच्युसेट्स : सेप्टिक ‘पास’ आहे, तरी माती पाहायला वेगळा परवानाधारक का?

वाईकर : नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी बॉस्टनच्या पश्चिमेला तीन बेडरूमचे घर घेतले. गावात सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नसल्याने अंगणात सेप्टिक टँक आणि त्यापुढे टाकीतले पाणी जमिनीत जिरवणारे शोषक्षेत्र आहे. विक्रीपूर्वी ‘टायटल ५’ या राज्याच्या सेप्टिक नियमांनुसार झालेल्या तपासणीच्या अहवालावर ‘पास’ असा शेरा आहे. आता आई-बाबा वाईहून कायमचे राहायला येणार असल्याने चौथी बेडरूम बांधायची आहे. त्याच तपासनिसांना विचारले, तर ‘हे माझ्या परवान्यात बसत नाही, माती-मूल्यमापक गाठा’ असे त्यांनी सांगितले. ज्यांनी टाकी उघडून पाहिली, त्यांना माती का पाहता येऊ नये? माझा मेहुणा पुण्याचा बी. ई. सिव्हिल असून इथेच नोकरीला आहे. त्याचा अहवाल गावचे आरोग्य मंडळ स्वीकारेल का?

नदीकाठ : त्यांनी तुम्हाला टाळलेले नाही, योग्य तेच सांगितले आहे. तपासनिसापुढचा प्रश्न एवढाच असतो की जी व्यवस्था आज जमिनीत आहे ती निकामी झाली आहे का : घरात किंवा अंगणात मैला उलटून येतो का, शोषक्षेत्रात पाणी वाटून देणाऱ्या वितरण पेटीतले पाणी बाहेर जाणाऱ्या नळीच्या वर चढले आहे का, वर्षभरात चारपेक्षा जास्त वेळा टाकी उपसावी लागली का. म्हणूनच मैला उपसणाऱ्या अनुभवी व्यावसायिकालाही परीक्षा देऊन तपासनीस होता येते. तुमचा प्रश्न मात्र नव्या भाराचा आहे. टायटल ५ दर बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन सांडपाणी धरते, म्हणजे ३३० वरून तुम्ही ४४० वर जाणार, आणि तेवढे पाणी ती जमीन जिरवील का, हे ‘पास’ या शेऱ्यावरून कळत नाही. मातीचा अहवाल राज्याच्या मान्यताप्राप्त माती-मूल्यमापकाचाच लागतो. त्यावरून आराखडा करण्याचा अधिकार नोंदणीकृत अभियंत्याला, आणि दिवसाला २,००० गॅलनपर्यंत नोंदणीकृत सॅनिटेरियनलाही (सार्वजनिक स्वच्छतेच्या तज्ज्ञालाही) असतो. केवळ पदवीच्या बळावर मेहुण्यांची सही चालणार नाही.

अहमदनगरची काळी माती : मी माती-मूल्यमापकाची मान्यता घेतली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष खड्ड्यातली परीक्षा असते आणि खरा कस तिथेच लागतो. माझ्यापुढचा खड्डा कोरडा ठणठणीत होता, पण एका थरापासून खाली करड्या मातीत तांबूस, गंजासारखे ठिपके दिसत होते. वर्षातल्या ओल्या काळात भूजल तिथवर चढते, याची ती खूण असते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले तरी ती पुसली जात नाही. शोषक्षेत्राचा तळ त्या उच्च पातळीच्या किमान ४ फूट वर असावा लागतो, आणि माती फार झिरपणारी असेल, म्हणजे इंचभर पाणी २ मिनिटांत किंवा त्याहून लवकर उतरत असेल, तर ५ फूट. ठिपके जिथून सुरू होतात ती रेघ चुकीची वाचली गेली तर मैलापाणी नीट न गाळताच भूजलात उतरते, आणि शेजाऱ्याची विहीर जवळ असेल तर त्याच्या पिण्याच्या पाण्यात जाते. त्यामुळे हा परवाना वेगळा ठेवला आहे, हे मला मनापासून पटते. मेहुण्यांना या कामात रस असेल तर त्यांनी आधी पात्रता पाहावी आणि मग रीतसर परीक्षा द्यावी. तुमच्या घरासाठी घाई करू नये.

नदीकाठ : एक राहिले. खर्चात पडण्याआधी आरोग्य मंडळाच्या कार्यालयातून घराची मूळ परवानगी आणि आराखडा मागवा. कधी कधी तीन बेडरूमच्या घराखाली चारची व्यवस्था मंजूर झालेली असते.

वाईकर : दोघांचेही आभार. आज जाऊन फाइल पाहिली. मंजुरी ३३० गॅलनचीच आहे. राज्याच्या यादीत नाव तपासून एका माती-मूल्यमापक बाईंशी बोललो. मंडळाचा प्रतिनिधी हजर राहू शकेल त्या दिवशी त्या खड्डे खणून घेणार आहेत : दोन मुख्य जागेत, दोन राखीव जागेत, म्हणजे पहिले शोषक्षेत्र निकामी झाल्यास दुसऱ्यासाठी ठेवलेल्या जागेत.