शब्दचर्चा : ‘टेस्टिंग’ला चाचणी म्हणावे, तपासणी, पडताळणी की कसोटी?

प्रश्न :

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कामावर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी मराठीत एक प्रशिक्षण-टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी पहिल्याच पानावर अडले आहे. हाताशी असलेल्या जुन्या मसुद्यात एकाच परिच्छेदात चाचणी, तपासणी, पडताळणी आणि कसोटी हे चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले आहेत. वाचताना ते खटकत नाही, पण शिकणाऱ्याने नेमके काय करायचे तेही त्यातून कळत नाही. या शब्दांत खरोखर काही फरक करता येतो का? की सरळ ‘टेस्टिंग’ लिहून मोकळे व्हावे?

प्रतिसाद १ :

रोजच्या वापरात हा फरक आहेच. आपण सामानाची तपासणी करतो, कागदपत्रांची पडताळणी करतो, रक्ताची चाचणी करतो आणि कसोटी लागते ती माणसाच्या धीराची किंवा सोन्याची. तपासणीत वस्तू जशी आहे तशी नजरेखालून घालायची असते. पडताळणीत एक गोष्ट दुसरीशी, म्हणजे दाखला मूळ नोंदीशी, ताडून पाहायची असते. चाचणीत वस्तूवर काहीतरी प्रयोग करून ती कशी वागते ते पाहावे लागते. सॉफ्टवेअर चालवून पाहणार असाल तर ‘चाचणी’ म्हणा, आणि न चालवता दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून पाहणार असाल तर ‘तपासणी’. ‘कसोटी’ हा शब्द मात्र क्रिकेटने बळकावला आहे, त्यामुळे तो टाळलेला बरा.

प्रतिसाद २ :

मी बरीच वर्षे हेच काम करीत असल्यामुळे वरच्या प्रतिसादातील शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. ‘कसोटी’ इतक्या सहज सोडून देऊ नये, कारण या कामातली सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट त्याच शब्दात दडलेली आहे. कसोटी म्हणजे सोनाराकडचा काळा दगड. त्यावर दागिना घासला की कस उमटतो, पण तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. ज्याची शुद्धता आधीपासून ठाऊक आहे अशा सोन्याचा कस शेजारी ओढून दोन्हींची तुलना करावी लागते. आमच्या भाषेत या दुसऱ्या रेघेला ‘अपेक्षित निकाल’ म्हणतात. नवा माणूस बटणे दाबत जातो, पडद्यावर काहीतरी उमटते, ते त्याला बरे दिसते आणि तो ‘पास’ असा शेरा मारतो. काय उमटायला हवे होते हे त्याने आधी लिहून ठेवलेले नसते, त्यामुळे समोर येईल ते बरोबर वाटू लागते. तुमच्या टिपणात टेस्ट केसची, म्हणजे काय करून पाहायचे आणि काय दिसायला हवे याच्या लेखी नोंदीची, व्याख्या देताना एवढे अवश्य लिहा, की अपेक्षित निकालाची ओळ रिकामी असेल तर ती टेस्ट केस झालीच नाही.

दुसरा मुद्दा शितावरून भाताची परीक्षा करण्याचा. सर्व शक्य माहिती भरून पाहणे कोणालाच जमणारे नाही, त्यामुळे एका शितावरून पातेल्याचा अंदाज घ्यावाच लागतो आणि आमचे निम्मे कौशल्य कोणते शीत उचलायचे यातच असते. मात्र ही म्हण खरी ठरते ती सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये आधी पातेली किती आहेत ते शोधावे लागते, मग प्रत्येकातून एखादे शीत पुरते. आणि कच्चे राहिलेले दाणे बहुधा कडेला सापडतात, म्हणून कडेची शिते वेगळी पाहावी लागतात.

एसटीच्या सवलतींचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना अर्धे तिकीट आहे, असे आपण सगळेच सांगतो. मी शासकीय आदेशाच्या भाषेविषयी बोलत नाही, बातमीत आणि बसथांब्यावर जे वाक्य ऐकू येते त्याविषयी बोलतो. त्यात ज्याचा आज पंचाहत्तरावा वाढदिवस आहे तो प्रवासी कुठे बसतो? ‘६५ ते ७५’ मध्ये ७५ धरले तर त्याला अर्धे तिकीट पडेल, आणि ‘७५ वर्षांवरील’ याचा अर्थ ‘७५ पूर्ण झालेले’ असा घेतला तर त्याचा प्रवास मोफत होईल. मराठीतले ‘ते’, ‘वरील’, ‘पर्यंत’ आणि ‘आत’ हे चारही शब्द टोकाचा आकडा आत धरायचा की बाहेर, हे स्वतः होऊन सांगत नाहीत. ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र ‘पेक्षा मोठे’ आणि ‘मोठे किंवा समान’ यांपैकी एक चिन्ह टाकावेच लागते, आणि कोणाला न विचारता तो ते टाकून मोकळा होतो.

म्हणून इथे ७० वर्षांचा एखादा प्रवासी तपासून थांबू नये. ६४, ६५, ७४, ७५ आणि ७६ हे आकडे घ्यावेत. त्यातही वय हे जन्मतारखेवरून काढले जात असल्यामुळे वाढदिवसाचा आदला दिवस, प्रत्यक्ष वाढदिवस आणि दुसरा दिवस असे तिन्ही पाहावेत, कारण नुसती वर्षांची वजाबाकी करणारा प्रोग्राम डिसेंबरात जन्मलेल्या माणसाला जानेवारीतच एका वर्षाने म्हातारा करतो. २९ फेब्रुवारीला जन्मलेली व्यक्ती बिगर-लीप वर्षात कोणत्या दिवशी वय पूर्ण करते, हे तर आधी ठरवूनच घ्यावे लागेल. पुढे मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट झाले. आता दोन नियम एकमेकांवर आले: ७६ वर्षांच्या आजींना कोणता लागू? दहा वर्षांच्या मुलीला अर्धे तिकीट, की अर्ध्याचेही अर्धे? अशा वेळी आम्ही वय आडवे आणि बाकीच्या अटी उभ्या मांडून कोष्टक करतो, आणि ज्या चौकटीत काय लिहावे ते सुचत नाही ती चौकट घेऊन थेट नियम सांगणाऱ्याकडे जातो. एक ओळ कोड लिहिला जाण्यापूर्वीच पहिला दोष हाती लागतो, तो असा.

प्रतिसाद ३ :

‘दोष’ हा शब्द आपण सहज वापरलात, पण मसुद्यात त्याचीही खिचडी असणार. माझ्या मते माणसाच्या हातून होते ती चूक, त्या चुकीमुळे कोडमध्ये राहतो तो दोष, आणि प्रोग्राम चालताना दोष उघड होतो तेव्हा दिसतो तो बिघाड. ‘त्रुटी’ म्हणजे उणीव. जे असायला हवे होते ते नसणे, एवढ्यासाठीच तो शब्द राखून ठेवावा. कार्यालयात दोषाला सर्रास ‘बग’ म्हणतात; इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ किडा, म्हणून बगसाठी ‘कीड’ लिहिण्याचा अट्टहास कोणी करू नये. हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ रोजी सापडलेला पतंग (किडा) नोंदवहीत चिकटवलेला आहे हे खरे, पण ‘बग’ हा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे. एडिसनच्या १८७८ मधील पत्रातही तो येतो. आमच्या कार्यालयात बग ‘येतो’, ‘टाकला जातो’ आणि ‘बंद होतो’, तर टेस्ट केस ‘फेल जाते’. बग पुल्लिंगी आणि टेस्ट केस स्त्रीलिंगी हे कोणी ठरवले ठाऊक नाही, पण सगळे तसेच बोलतात. हे शब्द मराठीत नांदत आहेत, त्यांना घराबाहेर काढू नये.

प्रश्नकर्ती :

चूक, दोष आणि बिघाड ही विभागणी मी घेत आहे. प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांना विचारायचे आहे, की चाचणी पूर्ण झाली की सॉफ्टवेअर ‘निर्दोष’ आहे असे लिहावे का? जुन्या मसुद्यात तसे वाक्य आहे.

प्रतिसाद २ लिहिणारे :

ते वाक्य काढून टाका. १९६९ मध्ये रोमला झालेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या परिषदेत संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी मांडलेला मुद्दा आजही तसाच लागू आहे: चाचणीने दोष आहेत हे दाखवता येते, नाहीत हे दाखवता येत नाही. ‘अमुक इतक्या गोष्टी पाहिल्या, त्यांत हे आढळले’ एवढेच प्रामाणिकपणे लिहिता येते.

माझाच एक अनुभव सांगतो. एका सहकारी संस्थेच्या सभासदांची यादी दाखवणारी प्रणाली मी तपासून दिली होती. नावे अकारविल्हे लागतात की नाही हे पाहण्यासाठी मी ‘अबक’, ‘कखग’, ‘टेस्ट १’ आणि ‘टेस्ट २’ असे सभासद भरले, सर्व काही रांगेत आले आणि मी सही केली. पहिल्याच आठवड्यात तिथल्या लेखनिक बाईंनी दाखवून दिले, की त्यांच्या कागदी वहीत ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’, ‘काशीद’ आणि ‘कासार’ यांच्यानंतर येते, आणि पडद्यावर मात्र ते या सर्वांच्या आधी आले आहे. कारण साधे होते. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये आहे, आणि प्रणाली त्या तक्त्याच्या क्रमानेच नावे लावीत होती. त्याच दिवशी ‘कऱ्हाड’ शोधून सापडत नसल्याचेही कळले. हा अर्धा र दोन वेगवेगळ्या सांकेतिक क्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला नाही. मी मराठी माणूस असूनही माझ्या चाचणीच्या नावांत एकही ळ नव्हता. त्यानंतर माझ्या नमुना-यादीत काळे, कऱ्हाडकर, क्षीरसागर, ज्ञाते आणि ऋग्वेदी कायमचे राहायला आले आहेत.

प्रतिसाद १ लिहिणारे :

‘रिग्रेशन टेस्टिंग’ला काय म्हणावे? एका ठिकाणी ‘उलटतपासणी’ वाचले.

प्रतिसाद २ लिहिणारे :

उलटतपासणी न्यायालयात साक्षीदाराची होते, तिचा इथे संबंध नाही. दुरुस्त केलेला दोष खरोखर गेला का हे पाहणे म्हणजे फेरचाचणी. ‘एक सांधता तेरा तुटतात’ त्यातले तेरा शोधणे म्हणजे रिग्रेशन. काळे जागेवर गेल्यानंतर लाभांशाच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या अजून बरोबर छापल्या जातात का, हे पाहणे दुसऱ्या प्रकारात मोडते. दोन्हींना ‘पुनर्चाचणी’ म्हटले की लोक पहिली करतात आणि दुसरी केल्याचे समजतात. मी ‘रिग्रेशन’ तसाच ठेवीन. बदल कोडमध्येच व्हावा लागतो असेही नाही, भोवतालची परिस्थिती बदलली तरी पुरते. ४ जून १९९६ रोजी आरियान-५ हे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील सॉफ्टवेअर आरियान-४ वर व्यवस्थित चाललेले होते, पण नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्यामुळे एक संख्या १६ बिटांच्या जागेत, जिथे जास्तीत जास्त ३२,७६७ हा आकडा बसतो, मावली नाही. नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घेऊन त्या यंत्रणेची चाचणी झालेली नव्हती. शीत जुन्या पातेल्यातले होते.

प्रश्नकर्ती :

सर्वांचे आभार. न चालवता पाहण्याला तपासणी, लिखित अपेक्षेशी ताडून पाहण्याला पडताळणी आणि चालवून पाहण्याला चाचणी असे शब्द मी ठेवत आहे. ‘कसोटी’ अपेक्षित निकालाच्या प्रकरणात सोनाराच्या दगडासह येईल. आत्ता मसुद्यात शोधून पाहिले तर ‘वरील’ हा शब्द अकरा ठिकाणी आणि ‘पर्यंत’ सात ठिकाणी आला आहे. त्यांतल्या चार वाक्यांत टोकाचा आकडा धरायचा की नाही, हे मलाच सांगता येईना, म्हणून ती वाक्ये ज्यांनी लिहिली त्यांच्याकडे परत पाठवली आहेत.