सराईवाला म्हणजे मालकच असं नाही

गोष्टीत सराई, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाची जागा, चालवणाऱ्याला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न आहे. 'सराईवाला म्हणजे सराईचा मालक, दुसरं काय' असं कुणी म्हणतं, ते पूर्ण पटत नाही. ब्रिटिशांनी १८६७ साली हिंदुस्थानातल्या सराईंसाठी जो कायदा केला, त्यात सराई चालवणाऱ्याची व्याख्या मुद्दाम सैल ठेवली आहे: मालक तर आलाच, पण तिथली देखरेख किंवा व्यवस्था पाहणारा कुणीही त्यात येतो. कारण उघड आहे. मालक परगावी बसला तरी पोलिसांना जबाब द्यायला कुणीतरी दारात हवं. आणि जबाबदाऱ्याही भरपूर होत्या. साथीच्या रोगाने कुणी आजारी पडलं किंवा दगावलं तर लगेच पोलीस ठाण्यात कळवायचं, विहिरी-गटारं साफ ठेवायची, पहारेकरी नेमायचे, दरपत्रक लावायचं. चोरांना आत शिरायला सोयीची झाडंसुद्धा छाटायची! चारित्र्याचा दाखला आणला नाही तर मॅजिस्ट्रेट नोंदणीच नाकारू शकत असे.

'खानावळवाला' मात्र नकोच. खानावळीत माणूस जेवून निघतो, मुक्काम करत नाही. 'भटियारा' अर्थाने जवळचा आहे, पण तो उत्तरेकडचा. आपल्याकडे भटारखान्यामुळे वाचकाला आधी स्वयंपाकीच आठवेल. नुसता 'सराईवाला'ही लग्नसराईच्या मोसमात घोटाळा करेल म्हणा. जुन्या काळाच्या गोष्टीत मी पहिल्यांदा 'सराई चालवणारा' लिहीन आणि पुढे खुशाल 'सराईवाला'. आजच्या गोष्टीत सरळ 'लॉजवाला'.