रक्तदाबाची गोळी सकाळी की रात्री? ट्रायल (माणसांवर औषधाची चाचणी) झेपेल का?

वाळपईचा डॉक्टर: सत्तरी तालुक्यातल्या पेशंटांवर ही तुलना करायची आहे. पण काजूच्या मोसमात अर्धे फिरकत नाहीत, चवथीला उरलेलेही गायब. दरमहा तपासणी कशी जमवू?

म्हापशाची ताई (ट्रायलची जुनी हमाल): बोलावतोसच कशाला, बाबा? हाच प्रश्न ब्रिटनच्या ‘टाइम’ ट्रायलने २१,१०४ लोकांवर तपासला. नोंदणी, पाठपुरावा ऑनलाइन. हार्ट ॲटॅक, पक्षाघात, मृत्यू मोजले. २०२२चा निकाल: फरक नाही. तेव्हा आधी प्रश्न बदल! तुझ्याकडे शे-दोनशे माणसं. तेवढ्यांत ॲटॅक मोजून काही हाती लागायचं नाही. गोळी चुकते कधी, ते मोज. नर्सबाईंचा तिमाही फोन पुरे.
आणि कोण खरंच कधी घेतो ते लिही. अमेरिकेच्या ‘ॲडॅप्टेबल’ ट्रायलमध्ये ॲस्पिरिनचे ८१ आणि ३२५ मिलिग्रॅम हे डोस ताडून बघायचे होते; ३२५वाले ४० टक्क्यांहून जास्त ८१ वर सरकले, मग तुलना कसली करणार?

फोंड्याची नर्स: संमतीपत्र मराठीत छापा, समजावा कोंकणीत. फोन संध्याकाळी सातनंतर.

वाळपईचा डॉक्टर: ताई, प्रश्न बदलला. आता एथिक्स कमिटीकडे (ट्रायलला परवानगी देणारी समिती) अर्ज.