शब्दचर्चा : गर्भपात, गर्भसमापन आणि भ्रूणहत्या

कोथरूडकर :
पुण्यातील वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या आमच्या गटासाठी मी एक माहितीपत्रक लिहीत आहे. विषय आहे १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, त्यातील २०२१ ची दुरुस्ती आणि बायकांना प्रत्यक्षात येणाऱ्या अडचणी. गाडी शीर्षकापाशीच अडली आहे. दवाखान्यांवर 'शासनमान्य गर्भपात केंद्र' अशी पाटी असते, काही डॉक्टर 'गर्भसमापन' हा शब्द सुचवतात आणि ज्यांच्यासाठी हे पत्रक आहे त्या बायका 'पिशवी साफ केली', 'क्युरेटिन केलं', 'खाली केलं' असे म्हणतात. गटातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते 'गर्भपात' या शब्दालाच पापाचा वास येतो, म्हणून तो टाळावा. जाणकारांनी मत द्यावे.

धातुसाधित :
तो वास शब्दाला मागाहून चिकटलेला आहे. आयुर्वेदात गर्भपात ही आपोआप घडणारी गोष्ट आहे. सुश्रुताच्या परंपरेत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो 'स्राव' आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात, शरीर स्थिर झाल्यावर गेला तर तो 'पात', असा भेद केलेला आहे. त्यात कोणी काही केले असा आरोप नाही. मराठी बोलीने हा भेद वेगळ्या रीतीने राखला : 'मूल पडलं' म्हणजे आपोआप आणि 'पाडलं' म्हणजे मुद्दाम, जसे मरणे-मारणे किंवा तुटणे-तोडणे. ('गाभडणे' हे क्रियापद गाई-म्हशींसाठी आहे, ते माणसांपासून दूरच ठेवावे.) 'गर्भपात' या नामात पडणे आणि पाडणे दोन्ही मिसळून जातात, त्यामुळे सगळा भार क्रियापदावर येतो. 'गर्भपात झाला', 'गर्भपात केला' आणि 'गर्भपात करून घेतला' ही तीन वेगळी वाक्ये आहेत. वर्तमानपत्रे 'तिचा गर्भपात करण्यात आला' असे छापतात, तेव्हा निर्णय कोणाचा होता हे वाक्यातून गायब होते. पत्रकात 'करून घेणे' वापरावे.

निवृत्त परिचारिका :
'पिशवी साफ करणे' कृपया वापरू नका. अर्धवट गर्भपात झाला, अंगावरून फार जाऊ लागले, तपासणीसाठी गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा घ्यायचा असला, तरी बायका हेच म्हणतात. नवीन डॉक्टरने 'पूर्वी कधी गर्भपात?' असे विचारले की उत्तर 'नाही' येते आणि 'पिशवी कधी साफ केली होती का?' असे विचारले की 'हो, दोनदा' येते. आडपडद्यासाठी शब्द सोयीचा आहे, पण माहितीसाठी घातक आहे. शिवाय सुरुवातीच्या आठवड्यांत आता खरवडण्याऐवजी गोळ्या किंवा निर्वात (शोषून काढण्याची) पद्धत वापरावी असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे, त्यामुळे 'क्युरेटिन' (खरवडणे) हा शब्दही मागे पडायला हवा.

सनद :
वकिलीच्या अनुभवावरून सांगतो की खरा घोटाळा 'गर्भपात' की 'गर्भसमापन' हा नसून 'भ्रूणहत्या' या शब्दाने केलेला आहे. टिळक रस्त्याच्या आसपास एका प्रसूतिगृहाच्या दर्शनी भिंतीवर 'शासनमान्य गर्भपात केंद्र' ही पाटी आहे आणि तिच्या खाली हातभर अंतरावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे' ही दुसरी. या पाट्या दोन वेगळ्या कायद्यांच्या आहेत. पहिली १९७१ च्या कायद्यामुळे आली. दुसरी १९९४ च्या, म्हणजे ज्याला सगळे पीसीपीएनडीटी म्हणतात त्या गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यामुळे. त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वप्रथम केला होता. १९९४ च्या कायद्याने लिंगनिदानावर आणि लिंगनिवडीवर बंदी घातली, गर्भपातावर नाही. पण प्रचारात 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द इतकी वर्षे भिंतींवर, रिक्षांवर आणि शाळांच्या फेऱ्यांत गाजला की सामान्य माणसाच्या मनात गर्भपात म्हणजेच गुन्हा असे समीकरण बसले. औषधविक्रेतेही तपासणीच्या धास्तीने गर्भपाताच्या गोळ्या ठेवायला कचरतात. या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीनेच आणि नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात, आणि इतक्या लवकर सोनोग्राफीत लिंग विश्वसनीयपणे कळतच नाही. म्हणजे लिंगनिवडीचा धाक अगदी अशा औषधाला घातला गेला ज्याचा लिंगनिवडीशी संबंध जवळजवळ नाही. तेव्हा पत्रकात त्या गुन्ह्यासाठी 'गर्भलिंगनिदान' आणि 'लिंगनिवड' हेच शब्द असावेत, 'हत्या' कोठेही नसावा.

पर्वती पायथा :
सहमत नाही. 'हत्या' काढली तर मुलगी नको म्हणणाऱ्यांना मोकळे रान मिळेल. आणि याच पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा त्यांनी शब्द मवाळ केला नव्हता.

सनद :
ते गृह जन्मलेल्या बाळांसाठी होते. विधवांनी गुपचूप येऊन सुरक्षित बाळंत व्हावे आणि बाळाचा जीव वाचावा, अशी ती सोय होती; त्यातल्या 'हत्ये'चा रोख त्या बाईला कोपऱ्यात ढकलणाऱ्या समाजाकडे होता. आजच्या 'भ्रूणहत्ये'चा रोख थेट तिच्याकडे वळतो. तांत्रिक अंगानेही हा शब्द लंगडा आहे : वैद्यकीय परिभाषेत गर्भधारणेपासून साधारण आठ आठवड्यांपर्यंत भ्रूण आणि पुढे गर्भ, आणि लिंग दिसते ते पुढच्या काळात. ज्यांना लिंगनिवड करायची आहे ते घोषणेने थांबत नाहीत, सोनोग्राफीच्या यंत्रांच्या नोंदी काटेकोर तपासल्या तर थांबण्याची शक्यता तरी आहे.

कोथरूडकर :
पटले. आता पुढचा पेच 'परवानगी', 'संमती' आणि 'हक्क' या शब्दांचा. मसुद्यात मी 'कायद्याने स्त्रीला गर्भपाताचा हक्क दिला आहे' असे लिहिले होते, ते एका डॉक्टरांनी खोडले.

सनद :
त्यांनी बरोबर खोडले, निदान त्या वाक्यापुरते. गर्भपात घडवून आणणे हा जुन्या भारतीय दंडसंहितेत आधीपासून गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही तो आहे आणि स्वतः गर्भपात करून घेणारी स्त्रीही त्या कलमात येते. १९७१ चा कायदा इतकेच म्हणतो की ठरलेल्या अटी पाळून, सद्भावनेने मत बनवून गर्भपात करणारा नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही. संरक्षण डॉक्टरला आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीसमध्ये नियमांत दिलेल्या गटांतील स्त्रियांसाठी दोघांचे लागते आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. म्हणून येथे 'मत' हा शब्द नेमका आहे आणि 'परवानगी' चुकीचा : चोवीस आठवड्यांच्या आत, अटींत बसणाऱ्या बाईला कोर्टाची किंवा पोलिसांची परवानगी लागत नाही, तरी तिला त्यासाठी पिटाळले जाते. 'हक्क' लिहायचाच असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाच्या आधारे लिहा, कारण त्यात प्रजननविषयक निर्णयाची स्वायत्तता मान्य करून अविवाहित स्त्रियांना वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही असे म्हटले आहे. २०२१ च्या दुरुस्तीनेही गर्भनिरोधक फसल्याच्या कारणापुरते 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' हे शब्द काढून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे केले होते.

निवृत्त परिचारिका :
'संमती' मात्र ठळक छापा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. ती अल्पवयीन किंवा मानसिक रुग्ण असेल तरच पालकाची लागते. नवऱ्याची सही कायद्याने मागितलेली नाही. तरीही 'मिस्टरांना घेऊन या' हे वाक्य टेबलापलीकडून सर्रास ऐकू येते, आणि नवरा बाहेरगावी असलेली किंवा नवऱ्यालाच सांगायचे नसलेली बाई त्या एका वाक्यावर परत जाते. नाव गुप्त ठेवणे ही केंद्राची कायदेशीर जबाबदारी आहे आणि डॉक्टरने ते फोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हेही घाला.

शेवटी एक, शब्दापेक्षा हिशेबाचे. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. आपल्याकडे 'दिवस गेले' ते पाळी चुकल्यावर कळते आणि मोजणी तेथूनच सुरू होते, म्हणजे साधारण चार आठवडे आधीच हिशेबाबाहेर राहतात. त्यात 'तिसरा लागला' आणि 'तीन झाले' यांत एका महिन्याचा फरक. पाळी चुकून पाच आठवडे झालेली बाई 'आत्ता कुठे महिना होतोय' म्हणते, तेव्हा तिचे नऊ आठवडे भरलेले असतात आणि गोळ्यांची मुदत संपत आलेली असते. पत्रकात महिने अजिबात लिहू नका. शेवटची पाळी ज्या दिवशी आली ती तारीख लिहायला एक रिकामी चौकट ठेवा आणि 'या तारखेपासून आठवडे मोजा' एवढेच तिच्याखाली छापा.

कोथरूडकर :
शीर्षक 'गर्भपात करून घ्यायचा असेल तर' असे ठेवत आहे. चौकट पहिल्या पानावर, संमतीचे वाक्य तिच्या लगेच खाली. 'गर्भसमापन' आतल्या पानावर एकदाच येईल, कारण दवाखान्याच्या कागदावर तो शब्द दिसला तर तो याच गोष्टीचा आहे हे बायकांना कळायला हवे.