ऑटो शोमध्ये कार कंपन्यांनी अजून पैसा ओतावा का?

रस्तासखा

३१ मे २०२४ रोजी आयोजकांनी जाहीर केलं की जिनिव्हाचा मोटर शो यापुढे भरणार नाही. १९०५ पासूनचा शो. २०२० साली तो उघडायला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा स्विस सरकारनं हजारापेक्षा जास्त माणसं जमवायला बंदी घातली आणि उभे राहिलेले स्टॉल उतरवावे लागले. त्यानंतर थेट २०२४ च्या फेब्रुवारीत तो जिनिव्हात परत भरला, पण मोठ्या नावांत रेनो, डाचिया, एमजी, बीवायडी अशी मोजकीच मंडळी उरली होती. तेव्हापासून जो तो म्हणतो, ऑटो शोंचे दिवस संपले, कंपन्यांनी त्यात पैसा घालू नये.

मला हे अजिबात पटत नाही. नव्या गाडीवरचा पडदा ओढायची जागा म्हणून शो संपला, एवढं मान्य. हल्ली गाडीचे फोटो शोच्या आधीच जगभर फिरलेले असतात. पण शोचं मोठं काम ते कधीच नव्हतं. तुमची गाडी प्रतिस्पर्ध्याच्या गाडीपासून वीस पावलांवर उभी असते आणि तुमच्याशी काही देणंघेणं नसलेला माणूस दोन्हींत बसून बघतो, हे दुसरीकडे कुठे घडतं?

दोन उदाहरणं देतो. जानेवारी १९८९ मध्ये क्रायस्लरनं डेट्रॉइटच्या शोमध्ये डॉज व्हायपर ही कॉन्सेप्ट कार, म्हणजे फक्त दाखवण्यापुरती बनवलेली नमुना गाडी, ठेवली. लोक इतके वेडे झाले की ती खरोखर बनवायची ठरली आणि १९९२ मध्ये ती रस्त्यावर आली. दुसरं फोक्सवॅगनचं. १९९३ मध्ये त्यांची अमेरिकेतली वर्षाची विक्री पन्नास हजारांच्या खाली गेली होती. १९९४ मध्ये डेट्रॉइटला जुन्या बीटलची आठवण करून देणारी ‘कॉन्सेप्ट वन’ मांडली. लोकांचा प्रतिसाद बघून न्यू बीटल तयार झाली आणि अमेरिकेत फोक्सवॅगनकडे लोक पुन्हा वळून बघू लागले. अशी चाचणी कुठलं ऑनलाइन सर्वेक्षण घेऊ शकेल?

तुमची मतं मांडा. विरोधी असतील तर जास्त आवडेल.

आकडेमोड

विरोधी मत देतोच. तुमची दोन्ही उदाहरणं इंटरनेट घरोघरी पोचण्याआधीची आहेत. तेव्हा लाखो लोकांसमोर गाडी ठेवायची म्हणजे शोला जाण्यावाचून फारसा इलाज नव्हता. आज आहे.

खर्च काय असतो ते बघा. जागेचं भाडं चौरस मीटरवर. त्यावर कधीकधी दुमजली मंडप, काच, स्क्रीन, दिवे. दहा-बारा दिवसांनी हे सगळं मोडून टाकायचं. गाड्या विमानानं आणायच्या, शेकडो माणसांची राहण्याची सोय शोच्या चढ्या दरात करायची. आणि एवढं करून मिळतं काय? पत्रकारांच्या दिवशी एका सकाळी एकामागून एक गाड्यांची अनावरणं होतात. तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात, आणि दुसऱ्या दिवशी मथळा भलत्याच कंपनीला मिळालेला असतो.

याउलट ३१ मार्च २०१६ ला टेस्लानं मॉडेल ३ स्वतःच्या कार्यक्रमात दाखवली. आठवड्याभरात सव्वातीन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं. मथळ्यात वाटेकरी कुणी नव्हता. व्होल्वोनं तर त्याआधीच, २०१४ च्या अखेरीस, सांगून टाकलं होतं की आम्ही आता युरोप, अमेरिका आणि चीन इथे वर्षाला एकेकाच शोला जाणार. २०१८ च्या पॅरिस शोला फोक्सवॅगन ब्रँड नव्हता, फोर्ड नव्हती, व्होल्वो नव्हती. ही माणसं हिशेब न करता बाहेर पडलेली नाहीत.

सावकाश_चला

आकडेमोड यांच्याशी सहमत, फक्त एक भर. स्वतःचा कार्यक्रम करणं हीही काही नवी कल्पना नाही. जनरल मोटर्स १९४९ ते १९६१ या काळात मोटोरामा हा स्वतःचाच शो शहरोशहरी घेऊन फिरत होती, १९५३ ची कॉर्व्हेट त्यातूनच लोकांसमोर आली. १९६४ ची मस्टँग न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली, ऑटो शोमध्ये नव्हे. म्हणजे शोवाचून अडतं असं तेव्हाही नव्हतं.

रस्तासखा

@आकडेमोड, टेस्लाचं उदाहरण द्यायला सोपं आहे, पण २०१६ पर्यंत टेस्ला काय चीज आहे हे सगळ्या जगाला ठाऊक झालेलं होतं. जनरल मोटर्स आणि फोर्ड तर अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या कंपन्या. स्वतःच्या नावावर गर्दी खेचता येते त्यांना शो नको असेल. ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्यानं काय करायचं? लेक्सस हा टोयोटाचा महागड्या गाड्यांचा ब्रँड जगापुढे पहिल्यांदा आला तो १९८९ च्या डेट्रॉइट शोमध्ये, एलएस ४०० घेऊन. जर्मन गाड्या त्याच छताखाली होत्या. लोकांना दार उघडून, आत बसून, स्वतः ठरवता आलं. तेच लेक्ससनं एखादं हॉटेल भाड्यानं घेऊन केलं असतं तर कोण आलं असतं?

आकडेमोड

आले असते की नाही यावर वाद घालता येईल, पण शोमधलं लक्ष म्हणजे विक्री नव्हे, हे तरी मान्य करा. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये टाटा नॅनोचं अनावरण झालं. जगातल्या झाडून सगळ्या वर्तमानपत्रांत ती झळकली. शोमधून यापेक्षा जास्त प्रसिद्धी मिळणं शक्यच नाही. पुढे विक्री अपेक्षेच्या आसपासही गेली नाही आणि दहा-अकरा वर्षांत उत्पादन थांबलं. व्हिएतनामच्या व्हिनफास्टनं २०१८ मध्ये पॅरिसला पहिल्या दोन गाड्या दाखवल्या, डेव्हिड बेकहॅमला बोलावलं, भरपूर गवगवा झाला. त्या गाड्या विकल्या गेल्या व्हिएतनाममध्ये. मग पॅरिसच्या त्या खर्चातून नेमकं काय साधलं?

नटबोल्ट

मी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. वर सगळे जाहिरात आणि बुकिंगबद्दल बोलताहेत, म्हणून आमच्या बाजूचं लिहितो.

पत्रकारांच्या दिवसांत हॉलमध्ये गळ्यात ओळखपत्र घालून फिरणाऱ्यांत पत्रकारांइतकेच दुसऱ्या कंपन्यांचे लोक असतात. गुडघ्यावर बसून दरवाजाच्या फटी बघणारे, सीटखाली मोबाइल घालून रेल्सचे फोटो काढणारे, बॉनेट उघडायला सांगणारे. २०११ च्या फ्रँकफर्ट शोमधला एक व्हिडिओ तेव्हा खूप फिरला होता. फोक्सवॅगनचे तेव्हाचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न ह्युंदाईच्या स्टॉलवर जाऊन आय३० मध्ये बसतात. स्टीअरिंग वरखाली करायची कळ ओढून बघतात. काही खडखडत नाही. लगेच आपल्या डिझाइन प्रमुखांना बोलावून विचारतात की यांना जमतं ते आपल्याला का जमत नाही. कंपनीचा सर्वोच्च माणूस प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बसून एका कळीचा आवाज ऐकतोय! पॉवरपॉइंटच्या शंभर पानांनी हे होत नाही.

२०२३ च्या शांघाय शोचंही तेच. कोविडच्या बंद सीमांमुळे बाहेरच्या अनेक अधिकाऱ्यांना तीनेक वर्षं चीनमध्ये जाताच आलं नव्हतं. गेले आणि चिनी इलेक्ट्रिक गाड्यांमधले स्क्रीन, सॉफ्टवेअर, आतली सजावट बघून हादरले. त्याच वर्षी जुलैमध्ये फोक्सवॅगननं एक्सपेंग या चिनी इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीत ४.९९ टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. असे करार शोमुळे होतात असं मी म्हणणार नाही, त्यांची बोलणी आधीपासून चालू असतात. पण आपण किती मागे पडलोय हे अहवालात वाचणं आणि हॉलमध्ये उभं राहून बघणं यांत फार फरक आहे.

आकडेमोड

@नटबोल्ट, चांगला प्रतिसाद. पण प्रतिस्पर्ध्याची गाडी समजून घ्यायची तर ती विकत आणून नटन् नट सुटा करतात. हे काम करून देणाऱ्या मन्रो, ए२मॅक१ यांसारख्या कंपन्या आहेत. शोमध्ये तर गाडी लिफ्टवरही घेता येत नाही. आणि बघायलाच जायचं असेल तर तिकीट काढून जा! त्यासाठी स्वतःचा स्टॉल कशाला मांडायचा?

नटबोल्ट

सगळ्यांनीच तसं ठरवलं तर बघायला उरणार काय? शिवाय गाडी सुटी करता येते ती बाजारात आल्यावर. शोमधली गाडी बऱ्याचदा विक्रीच्या कित्येक महिने आधी दिसते, आणि आमच्या धंद्यात तेवढे महिने मोलाचे असतात. तेवढ्यात एखादा भाग बदलता येतो.

पहिली_गाडी

मी यातली तज्ज्ञ नाही, गाडी घ्यायच्या विचारात असलेली एक ग्राहक आहे. शोरूममध्ये एकाच कंपनीच्या गाड्या असतात आणि विक्रेता पाठ सोडत नाही. मला तिसऱ्या रांगेत वयस्कर माणसाला चढता येतं का, डिकीत व्हीलचेअर मावते का, हे पाच कंपन्यांच्या गाड्यांत एका दुपारी बघायचंय. व्हिडिओ कितीही बघितले तरी गुडघ्याला किती जागा उरते हे कळत नाही. माझ्यासारख्यांना शो हवाच आहे. पण गाड्यांना कुलूप लावून, फिरत्या चकतीवर चढवून, दोरी बांधून ठेवणार असाल तर मात्र नको.

सावकाश_चला

@पहिली_गाडी, तुम्हाला तो हवा आहे हे खरं, पण धाग्याचा प्रश्न कंपन्यांना परवडतो का हा आहे. ग्राहकाला तुलना करता येणं हे ज्या कंपनीची गाडी तुलनेत हरते तिच्या तोट्याचंच.

आणि कंपनीच्या हातात काही राहत नाही ते वेगळंच. २०२१ च्या शांघाय शोमध्ये ब्रेकबद्दल तक्रार असलेली एक ग्राहक टेस्लाच्या स्टॉलवरच्या गाडीच्या टपावर चढली. शोमधल्या नव्या गाड्या राहिल्या बाजूला, जगभर तीच दृश्यं फिरली. २०१९ मध्ये फ्रँकफर्टला शोविरुद्ध हजारो सायकलस्वार आणि पर्यावरणवादी रस्त्यावर उतरले. पैसे आपण भरायचे आणि मंच दुसऱ्याला मिळायचा, हे कोणता संचालक मान्य करेल?

रस्तासखा

मान्य करायला हवं असं माझं मत आहे, आणि मी ते मनापासून लिहितोय. आमंत्रित पाहुणे, ठरलेल्या टाळ्या, निवडलेले प्रश्न अशा बंद कार्यक्रमात कंपनीला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. राग असेल तर तो समोर यायला हवा. फ्रँकफर्टनंतर तो शो भरवणाऱ्या जर्मन कार उद्योगाच्या संघटनेनं काय केलं बघा. २०२१ पासून शो म्युनिकला नेला आणि त्याचा एक मोठा भाग शहरातल्या चौकांमध्ये, कुणालाही विनातिकीट बघता येईल असा मांडला. गाड्यांबरोबर सायकलीही आल्या. विरोध तिथेही झाला, पण गाडी लोकांमध्ये गेली.

आकडेमोड

म्युनिकचं कौतुक करताय, पण तिथे जाण्याची वेळ का आली तेही सांगा. फ्रँकफर्टला २०१७ मध्ये सुमारे ८ लाख १० हजार लोक आले होते, २०१९ मध्ये साधारण ५ लाख ६० हजार. पॅरिसला २०१८ मध्ये दहा लाखांवर, २०२४ मध्ये पाच लाखांच्या आसपास. लोकांनीच पाठ फिरवली आहे.

नटबोल्ट

पॅरिसचे आकडे असे शेजारी ठेवता येणार नाहीत. २०१८ चा शो अकरा दिवस होता, २०२४ चा सात दिवस. घट आहे, पण तुम्ही दाखवता तेवढी नाही. टोकियोनं २०२३ मध्ये नाव बदलून जपान मोबिलिटी शो केला, त्याला अकरा लाखांवर लोक आले.

माझ्या मते जिनिव्हा का गेलं हे कळलं की निम्मा वाद मिटतो. स्वित्झर्लंडमध्ये मोठा कार उद्योग नाही. म्हणूनच ती तटस्थ जागा होती, यजमान कंपनी कुणी नव्हती, जर्मन-फ्रेंच-इटालियन सगळे सारख्या मानानं यायचे. १९६१ ची जग्वार ई-टाइप तिथलीच. पण अडचण आली तेव्हा तिला सावरायला घरची कंपनीही नव्हती. पॅरिसच्या पाठीशी रेनो, प्यूजो, सित्रोएन आहेत, म्युनिकच्या पाठीशी जर्मन, शांघाय-बीजिंगच्या पाठीशी चिनी. अमेरिकेत तर बरेच मोठे शो कंपन्या भरवतच नाहीत, स्थानिक डीलरांच्या संघटना भरवतात. शिकागोचा शो तसाच, न्यूयॉर्कचाही. त्यांना मथळे नकोत, त्या भागातले ग्राहक हवेत. त्यामुळे ‘शो परवडतो का’ याचं एकच उत्तर निघणार नाही. परदेशी शोमध्ये महाल बांधणं कदाचित परवडत नसेल. आपल्या बाजारातल्या शोला गैरहजर राहणं मात्र महाग पडतं.

रस्तासखा

नटबोल्ट, हे फार मुद्द्याचं लिहिलंत. मी यात एवढंच म्हणेन की महाल बांधूच नका. साधा गालिचा, उघड्या गाड्या, आणि भाड्यानं आणलेल्या निवेदकांच्या जागी ती गाडी बनवलेले दोन-चार इंजिनिअर. इलेक्ट्रिक गाडीला धूर नसल्यामुळे हॉलच्या आतच छोटा ट्रॅक करून लोकांना फिरवता येतं. पूर्वी हे शक्य नव्हतं, आता आहे, आणि ज्यांनी इलेक्ट्रिक गाडीत कधी पाय ठेवलेला नाही त्यांच्यासाठी ती पाच मिनिटं कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची.

आकडेमोड

साधा गालिचा आणि आतला ट्रॅक असेल तर मी विरोधात नाही. पण मग कंपन्यांनी आणखी एक करावं. स्टॉलवर ज्यांनी नाव नोंदवलं त्यांतल्या किती जणांनी पुढच्या दोन वर्षांत गाडी घेतली, आणि कुणाची घेतली, याचा पाठपुरावा करावा. तो आकडा हातात नसताना एका बाजूनं ‘वातावरण तयार होतं’ म्हणणं आणि दुसऱ्या बाजूनं ‘पैसा वाया जातो’ म्हणणं, दोन्ही अंदाजच.

पहिली_गाडी

त्या यादीत माझं नाव घाला. पण ज्या गाडीची डिकी उघडू दिली नाही ती मी घेतली नाही, हेही लिहून घेणार असाल तरच.