दोन महापूर आणि कोरोनानंतर पुन्हा उभे राहण्याचे बळ कोठून आणावे?

पंचगंगाकाठ:
आमचे घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगा नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे आणि चपला बनवणे हाच घरचा धंदा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे; 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेले तेव्हा माळ्यावरचे कातडे तेवढे वाचले. तयार जोड मात्र चार दिवस पाण्याखाली राहिले आणि हिरडा-बाभळीत कमावलेले ते कातडे वाळल्यावर पत्र्यासारखे ताठ होऊन त्यावर पांढरी बुरशी चढली. पुढल्या वर्षी टाळेबंदीत अंबाबाईचे मंदिर बंद राहिल्याने भाविक आले नाहीत, 2021 च्या मे महिन्यात वडील कोरोनाने गेले, आणि जुलैत पुन्हा पूर. कोल्हापूरकर चिवट असतात, असे लोक सांगतात, पण वडिलांची रापी, म्हणजे कातडे कापायचे हत्यार, मला अजून हातात घेववत नाही. ज्यांनी असे दिवस काढले, त्यांना धीर स्वभावातूनच मिळाला का?

शिरोळचा शेतकरी:
दादा, आमच्याकडे तरी तसे झाले नाही. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत, गाळाचे पाणी शिरून सगळा ऊस कुजला, तेव्हा मी आठ दिवस बांधावर नुसता बसून होतो. गडहिंग्लजच्या मेहुण्यांनी म्हशी महिनाभर सांभाळल्या आणि परत आणून दावणीला बांधल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढायला उठावेच लागले. त्या उठण्यालाच धीर म्हणायचे असेल तर म्हणा.

निवृत्त शिक्षक:
शेतकरी बंधूंच्या अनुभवाला आपल्याच संस्थानाच्या इतिहासात आधार आहे. 1896-97 च्या दुष्काळात शाहू महाराज ऐन बाविशीत होते आणि कारभार हाती येऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झाली होती. त्यांनी रयतेला धीराचे उपदेश न करता स्वस्त धान्याची दुकाने काढली, शेतकऱ्यांना तगाई म्हणजे सरकारी कर्ज दिले, दुष्काळी कामे सुरू केली आणि त्या कामांवर येणाऱ्या बायकांच्या लहान मुलांसाठी संगोपनगृहे उघडली. त्यापाठोपाठ प्लेग आला, तरी दुष्काळाचा धडा विसरला गेला नाही. राधानगरीच्या धरणाची योजना त्यातूनच पुढे आली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची वाट धरली, 1977 मध्ये तिचा कायदा केला, आणि 2005 मध्ये देशानेही तसाच कायदा केला. खडी फोडणाऱ्या माणसाला कामाची मजुरी हातात मिळत होती, हे मला फार मोलाचे वाटते. नुसत्या चिवटपणाच्या कौतुकाने चूल पेटत नाही, म्हणून तुमची खंत मला रास्त वाटते.

एक परिचारिका:
गुरुजींचे म्हणणे मला पटते, तरीही धान्य आणि मजुरी मिळाल्याने वडिलांचे जाणे भरून येत नाही. कोरोनाच्या वॉर्डात मी पाहिले आहे की कित्येकांना शेवटचे दर्शनही नीट घेता आले नाही आणि ते दुःख तसेच साचून राहिले. दादा, रापी उचलण्याची घाई करू नका. मात्र जेव्हा उचलाल तेव्हा घरातले कोणीतरी शेजारी असू द्या.

पंचगंगाकाठ:
सर्वांचा आभारी आहे. काल आईला जवळ बसवून रापीला धार लावली. मुठीवरचे कातडे वडिलांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झाले आहे आणि माझा अंगठा तेथे नीट बसत नाही, तरी एका जोडाचे तळ कापून झाले आहेत.