लोणारचे वय वाचकांना एकच सांगावे की दोन्ही?

अभ्रक (मूळ लेख):
लोणार सरोवरावरच्या मराठी लेखांत ‘सुमारे ५२,००० वर्षांपूर्वी येथे उल्का आदळली’ हे वाक्य इतक्या ठामपणे येते की, त्याविषयी काही वाद आहे याची वाचकाला कल्पनाही येत नाही. हा आकडा थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने काढलेला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अरगॉन-अरगॉन कालमापनानुसार मात्र त्याच विवराचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे, म्हणजे जवळपास अकरापट भरते. सर्वसामान्य वाचकांसाठी विज्ञान लिहिणाऱ्याने हे दोन्ही आकडे द्यावेत आणि ते वेगवेगळे का येतात हेही सांगावे, असे माझे मत आहे. केवळ निष्कर्ष हाती ठेवला, तर ते ज्ञान कसे मिळाले हे वाचकाला कधीच कळत नाही.

पुरवणीवाला:
आपली तळमळ समजते, पण मत पटत नाही. मी बरीच वर्षे वृत्तपत्राच्या पुरवणीचे काम पाहतो. सहाशे शब्दांत विवर, खारे पाणी, दैत्यसूदनाचे मंदिर आणि २०२० मध्ये मिळालेला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) एवढे सगळे बसवायचे असते. त्यात दोन कालमापन पद्धतींचा ऊहापोह घातला, तर वाचक दुसऱ्या परिच्छेदातच पान उलटतो. शिवाय दोन आकडे वाचून तो ‘पद्धती निराळ्या आहेत’ असे म्हणत नाही, ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ असे म्हणतो. लसीपासून हवामानापर्यंत प्रत्येक गोष्टीवर संशय पेरणाऱ्यांच्या हाती आपण आयते कोलीत देतो.

अभ्रक:
ते कोलीत मिळते ते अनिश्चितता सांगितल्यामुळे नव्हे, तर दडवलेली अनिश्चितता पुढे कधीतरी उघड झाल्यामुळे. म्हणून काय पक्के आहे आणि काय नाही, हे एकाच लेखात शेजारी शेजारी मांडावे. लोणार उल्काघातानेच झाले, हे पक्के आहे. भोवती सगळा दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच असल्यामुळे हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे पूर्वी अनेकांना वाटे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विवराच्या तळातून विंधनाने काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट आढळल्याचे दाखवले गेले. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या खनिजाचे स्फटिक असतात. प्रचंड दाबाची आघातलहर त्यांतून गेली की ते न वितळताच काचेसारखे होतात, बाह्य आकार तसाच राहतो आणि अणूंची आतली मांडणी मात्र मोडते. हेच मॅस्केलिनाइट. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली दोन आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये (प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने पुढे जाऊ देणाऱ्या पट्ट्यांमध्ये) ठेवून फिरवला, तर साधा फेल्स्पार आळीपाळीने उजळतो आणि काळवंडतो. मॅस्केलिनाइट कसेही फिरवले तरी काळेच दिसते. ज्वालामुखीत उष्णता कितीही असली तरी इतका दाब निर्माण होत नाही. एवढे वाचल्यावर वाचकाचा विज्ञानावरचा विश्वास वाढेल की कमी होईल?

खडूफळा:
मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मॅस्केलिनाइटचे वर्णन मुलांनाही आवडेल, यात शंका नाही. पण अभ्रक, आपण सोपा भाग निवडलात. अडचण वयाची आहे आणि त्याचे कारण आपण अजून सांगितलेले नाही. ते थोडक्यात आणि सूत्रांशिवाय मांडता आले, तर मी आपल्या बाजूने.

अभ्रक:
मांडून पाहतो. खनिजांत सभोवतालच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा हळूहळू साठत जाते. आघाताच्या उष्णतेने ती शून्यावर येते आणि नंतर पुन्हा साठलेल्या ऊर्जेवरून थर्मोल्युमिनेसन्स पद्धत वय काढते. या साठ्याला मर्यादा असल्याने फार जुना नमुना प्रत्यक्षाहून तरुण वाटू शकतो. दुसऱ्या, म्हणजे अरगॉन-अरगॉन पद्धतीत खडकातल्या किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून काळानुसार तयार होत गेलेला अरगॉन वायू मोजतात. मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या बेसाल्टमधला जुना अरगॉन आघातात पूर्णपणे निघून गेला नसेल, तर वय फुगून येते. म्हणजे एक पद्धत चुकलीच तर कमी वय दाखवण्याकडे झुकते आणि दुसरी जास्त.

पुरवणीवाला:
हे मला समजले, हे मान्य करतो. तरीही याची जागा लेखाशेजारच्या चौकटीत आहे. ज्याला रस आहे तो चौकट वाचेल.

खडूफळा:
चौकटीला माझा विरोध आहे, कारण ज्याला त्या मजकुराची सर्वाधिक गरज असते तोच ती वगळतो. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा भलभलते तर्क फिरत होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. माझ्या विद्यार्थ्यांना पटले ते मात्र दुसऱ्याच तपशिलाने: नमुन्यातले सूक्ष्मजीव तळाशी बसल्यावर वरचे पाणी नितळ झाले होते. तोवर मुलांना जीवांचे ते लांबलचक नावच तेवढे पाठ झाले होते. हा तपशील मुख्य मजकुरातच हवा.

पुरवणीवाला:
गुलाबी पाण्याबाबत मान्य, कारण तिथे उत्तर एकच होते. वयाबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे. मुख्य मजकुरात फार तर ‘वयाविषयी मतभेद आहेत’ एवढे एक वाक्य मी घेईन, आकडे चौकटीत जातील.